अठ्ठावीस चाकांची हिरवळ

आमच्या पोर्टहॅल्की गावात कोणाचंच डोकं ठिकाणावर नाही, कारण सगळ्यांचं डोकं गोल्फमध्ये आहे. पाद्री रविवारचं प्रवचन आटोपतं घेतो ते देवाच्या भीतीने नव्हे, साडेअकराला त्याची खेळायची पाळी असते म्हणून. मी एकटीच काय ती शहाणी. सुताराची मुलगी, स्वतः सुतार, आणि त्रेसष्ट वर्षांत गोल्फची काठी एकदाही हातात धरली नाही. आणि नशीब बघा, लग्न केलं ते मैदानाच्या माळ्याशी.

माळी म्हटलेलं निनियनला खपायचं नाही. "माळी फुलं लावतो, एफी. मी हिरवळ राखतो." तेहतीस वर्षं राखली त्याने. भोकाभोवतीचं ते गालिच्यासारखं कापलेलं गवत, जिथे चेंडू मारायचा नसतो, नुसता ढकलायचा असतो, ती हिरवळ. वरवर सपाट दिसते, पण नसते. तिला उतार असतात, आणि ते ओळखण्यातच अर्धा खेळ. कोणाचा चेंडू चुकला आणि तो हिरवळीच्या नावाने बोटं मोडायला लागला की निनियन खो खो हसायचा. "नाचता येईना अंगण वाकडं!" असं तोंडावर म्हणायचा, मग समोर क्लबचा अध्यक्ष का असेना.

आमच्याकडे एक रीत आहे. मे महिन्यात संस्थापक दिनाला सगळं गाव जोड्याजोड्यांनी सामने खेळतं, आणि त्या दिवशी अठराव्या, म्हणजे शेवटच्या हिरवळीवर भोक कुठे पाडायचं हे निवृत्त झालेला म्हातारा राखणदार ठरवतो. तेही सकाळी, दवात, अनवाणी चालून. डोळे फसवतात म्हणे. समुद्र एकीकडे, वाळूच्या टेकड्या दुसरीकडे, मध्ये ढग. पाय फसवत नाहीत. निवृत्त झाल्यावर चार वर्षं निनियनने ते भोक पाडलं, आणि दर वेळी घरी येताना असा चालायचा की वाटावं, राजाचा मुकुट यानेच चढवला.

मागच्या ऑक्टोबरात त्याला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, हात बऱ्यापैकी परत आला, काठी घेऊन चालायला लागला. डावा पाय मात्र आलाच नाही. म्हणजे होता जागेवर, पण निरोप पोचवत नव्हता. मी एकदा चहाचा गरम कप त्या पायावर सांडला. मीच किंचाळले, हा आपला पेपर वाचतोय.

"एका पायाने उतार कळत नाही," तो म्हणाला. "दोन्ही पाय एकमेकांशी बोलतात तेव्हा कळतो. आता उजवा एकटाच बडबडतोय."

मग तो खिडकीत बसायला लागला. जेवण पुढ्यात ठेवलं की दोन घास, आणि ताट सारायचा. मटणाचं सूप तसंच, ओटकेक तसेच. मी चिडायचे. तो चिडायचाही नाही, आणि तेच मला सहन होईना. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडले तो माणूस भांडेनासा झाल्यावर घरात राहायचं तरी कशासाठी?

डिसेंबरात डुगल आला. निनियनच्या हाताखाली तयार झालेला, आता मैदान तोच बघतो. चांगला चाळिशीचा बाप्या, पण निनियनसमोर अजून टोपी काढून उभा राहतो. म्हणाला, "क्लबात विचारतायत, मे महिन्याचं काय करायचं?"

निनियनने डावा पाय हाताने उचलून नीट ठेवला. मग म्हणाला, "पाय परत आला तर येईन. नाही आला तर भोक पाडायचा कटर तुझ्या हातात देईन. अंदाजाने भोक पाडणार नाही."

"पण कळणार कसं, आला की नाही?" डुगलने विचारलं.

त्याचं उत्तर मी शोधलं. माझं मेलीचं नको तिथे डोकं चालतं.

माझी सुतारशाळा घराला लागूनच आहे. बापाच्या वेळचं मोठं कामाचं टेबल मी बाहेर काढलं आणि चौदा फूट बाय सात फुटांचा सांगाडा उभा केला. पहिल्यांदा खाली मोटारीचे चार जॅक लावले, चार कोपऱ्यांना चार. निनियनला आणून दाखवलं.

"हा काय चहाचा ट्रे आहे?" तो म्हणाला. "हिरवळ अशी एका बाजूला कलंडत नाही. तिला पोट असतं, खांदा असतो."

"मग तूच सांग की कशी असते! बसलायस खिडकीत अंडी उबवत."

महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्या कपाळावर आठी आली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी तो स्टुलावर बसून मला कामाला लावत होता. इथे फुगवटा, तिथे खळगा, हा उतार एवढा नको, दोन बोटांपेक्षा जास्त कुठेच नको. चार जॅक गेले आणि आटे पाडलेल्या अठ्ठावीस सळया आल्या, दर दोन फुटांवर एक. प्रत्येकीच्या खाली चाक. चाकं मिळाली बंद पडलेल्या माशांच्या कारखान्यातून, पाइपांच्या व्हॉल्व्हची, बिडाची. एक फेरा दिला की फळी दोन मिलिमीटर वर.

पण वर घातलेलं प्लायवूड वाकेना. जोर दिला की सांध्यावर कडकन फुटायचं. दोन फळ्या वाया गेल्या तेव्हा बाप आठवला. वळणाच्या जिन्याची फळी वाकवायला तो तिच्या पाठीवर करवतीने अर्ध्या जाडीच्या खाचा पाडायचा, बोटाबोटाच्या अंतरावर. मी तसंच केलं. चार दिवस खाचाच पाडत होते, खांदे भरून आले. पण फळी अशी वळली की निनियनने तिच्यावरून हात फिरवला, उजवा, आणि नुसता "हं" म्हणाला. हे आमच्याकडचं मोठं कौतुक.

वर चर्चच्या हॉलमधला घरात खेळायच्या बोल्सचा, म्हणजे गोळे घरंगळवायच्या खेळाचा, जुना हिरवा गालिचा घातला. शेवटी सव्वाचार इंचाचं भोक. झाली हिरवळ. चार भिंतींना चार नावं दिली: समुद्र, चर्च, क्लब आणि स्टेशन. अठराव्या हिरवळीच्या चार दिशांना हेच चार.

परीक्षेची पद्धत त्यानेच ठरवली. तो बाहेर थांबणार, मी चाकं फिरवणार. मग त्याने आत येऊन अनवाणी उभं राहायचं, डोळे मिटून, आणि उतार कुठल्या अंगाला आहे ते सांगायचं. मग चेंडू सोडून खातरजमा. दहापैकी दहा आले, तेही ओळीने, तर मे महिन्यात जायचं. एक जरी चुकला तरी कटर डुगलला.

जानेवारीत दहापैकी तीन यायचे, कधी दोन. चार दिशा आहेत, नुसतं तोंडाला येईल ते बोललं तरी तेवढे येतात. त्यालाही ते कळत होतं. चेंडू भलतीकडे जायचा, तो त्याच्याकडे बघत राहायचा, मग बूट घालायचा. मला ते बूट घालणं बघवेना. डाव्या पायात बूट नीट गेलाय की नाही हे त्याला हाताने चाचपून बघावं लागायचं.

फेब्रुवारीतली गोष्ट. उतार चर्चकडे होता. तो डोळे मिटून उभा, ओठ घट्ट, आणि म्हणाला, "समुद्र. समुद्राकडे आहे, एफी. या वेळी खरंच कळलं." तोंडावर असं काही होतं की माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबर!"

आणि तो हसला. देवा, कसा हसला! चेंडू मात्र सोडायचा होता. मी म्हटलं, "थांब, तुझं आवडतं सूप उतू जातंय, आधी चल," आणि ओढत घेऊन गेले. त्याने दोन वाट्या सूप प्यायलं, वर ब्रेड मागून घेतला. मी समोर बसून बघत होते. रडू आलं, ते कांद्यावर ढकललं.

एका खोट्याला दुसरं खोटं लागतंच. पण चेंडूला खोटं बोलता येत नाही, त्याला उतार लागतो. म्हणून मी चाकांना साखळ्या जोडल्या, सायकलच्या. दोन साखळ्या, दोन दांडे, माझ्या स्टुलाजवळ. एक दांडा फिरवला की सगळी हिरवळ समुद्राकडून चर्चकडे झुकायची, दुसऱ्याने क्लबकडून स्टेशनकडे. चरबी लावून लावून अशी मऊ केली की आवाज नाही, हिसका नाही. निनियनला म्हटलं, माझे गुडघे गेलेत, दर वेळी खाली वाकवत नाही.

"आधीच का नाही सुचलं?" तो म्हणाला. "छान केलंस." जन्मभरात त्याने माझ्या कामाला छान म्हटलं ते एवढंच, आणि ते काम मी त्याला फसवायला केलं होतं. आयुष्यातली माझी सगळ्यात सफाईदार सुतारकी ती.

तो डोळे मिटून सांगायचा, "क्लब." मी दांडा हळूहळू फिरवायचे. पायाखालची फळी बोटभर हलायची आणि त्याला पत्ता नसायचा. काठीवर भार टाकून, मान वर करून उभा, जणू चर्चमध्ये आहे. खरं तर त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पायाखालची जमीन हलतेय आणि माणसाला कळत नाही, आणखी काय पुरावा हवा? पण मी मनाची समजूत घालायचे की रोज उभा राहतोय, रोज चालतोय, येईलही पाय हळूहळू. आणि तो खायला लागला होता हो! भांडायला लागला होता. पाद्र्याच्या खेळावर टोमणे मारायला लागला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, मे महिना अजून लांब आहे.

मे महिना आला. शेवटच्या परीक्षेला त्याने डुगललाही साक्षीला बोलावलं. दहापैकी दहा. डुगलने टोपी हवेत उडवली. त्याला दांडा दिसला असणार, मी काय करतेय तेही दिसलं असणार. जाताना दारात त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी डोक्यावर ओढून घेत गेला.

संस्थापक दिनाच्या सकाळी दव भरपूर होतं. निनियनने बूट काढले, पँट दुमडली आणि अठराव्या हिरवळीवर गेला. मी आणि डुगल कडेला. तो चालला, थांबला, डोळे मिटले, पुन्हा चालला. मग समुद्राच्या अंगाला, जिथे हिरवळीचा खांदा खाली उतरतो तिथे, बरोब्बर त्या उतारावर उभा राहिला आणि काठी टेकवली. "इथे. अगदी सपाट आहे."

गोल्फमधलं काही न कळणाऱ्या मलाही दिसत होतं की ते सपाट नाही.

"एफी," डुगल हळूच म्हणाला, "तुम्ही काहीतरी बोला ना."

"तू बोल. तू राखणदार आहेस."

"मी त्यांना कसं सांगू?"

मी माझ्या बुटांकडे बघत राहिले. निनियनने दोन्ही हातांनी कटर दाबला, डुगलने मदत केली, मातीचा गोळा बाहेर आला आणि भोक पडलं. निनियन घामाघूम झाला होता, आणि चेहरा उजळला होता.

दहाच्या सुमाराला पहिली जोडी आली, बेकरीवाली मॉर्व्हन आणि शाळेतला स्ट्रुअन मास्तर. आम्ही हिरवळीलगतच्या बाकावर, निनियनच्या मांडीवर घोंगडी, हातात थर्मासचा चहा. मॉर्व्हनने चार फुटांवरून चेंडू ढकलला. तो भोकाच्या कडेवरून गेला, थांबला नाही, घरंगळत घरंगळत हिरवळीच्या बाहेर गेला. तिने परत मारला. चेंडू चढून वर आला, क्षणभर थबकला आणि परत तिच्या पायाशी. तिने तोंड उघडलं, मग तिची नजर आमच्या बाकाकडे गेली आणि तोंड मिटलं.

स्ट्रुअनने तिचा चेंडू उचलला. "दिला," तो म्हणाला.

सामन्यात असं चालतं. समोरच्याचा चेंडू भोकाच्या अगदी जवळ असला की म्हणायचं, दिला, म्हणजे गेलाच समजायचं. सभ्यपणा असतो तो. पण निनियनने उभ्या आयुष्यात कोणाकडून दिलेला चेंडू घेतला नव्हता. "आत पडला तो पडला," म्हणायचा, आणि वीतभर अंतर असलं तरी स्वतः ढकलायचा.

पुढच्या जोडीला मागच्यांनी सांगितलं असावं. ते आले, चेंडू हिरवळीवर आणला आणि दहा फुटांवरूनच, "दिला." "तुलाही दिला." हस्तांदोलन केलं, टोपी उचलून आम्हाला नमस्कार, गेले. त्याच्या पुढची जोडी तशीच. पाद्री, जो आपल्या सख्ख्या भावाला सहा इंच देत नाही, त्याने पंधरा फूट दिले. मला त्या सगळ्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

निनियन चहा प्यायचा थांबला होता.

"एफी, सकाळपासून एक चेंडू भोकात पडल्याचा आवाज ऐकलास?"

"माझं लक्ष नव्हतं."

"आज गाव एवढं उदार कसं झालं?"

मी थर्मासचं झाकण घट्ट करत बसले. तो उठला. डुगलच्या हातातून चेंडू ढकलायचा पटर घेतला, चेंडू भोकापासून दोन फुटांवर ठेवला आणि ढकलला. चेंडू भोक ओलांडून खाली, खाली, वाळूपर्यंत गेला. बाजूला वीसपंचवीस माणसं होती. कोणी हसलं नाही. एखादा हसला असता तर बरं झालं असतं.

"डुगल, अजून किती जोड्या?"

"नऊ. पण तुम्ही कशाला थांबताय, वारा सुटलाय, घरी..."

"खेळ सुरू झाल्यावर भोक हलवता येत नाही. मी पाडलंय, मी बसणार."

तो परत येऊन बाकावर बसला आणि नऊच्या नऊ जोड्या त्याने पाहिल्या. प्रत्येकीने चेंडू दिला. प्रत्येक वेळी त्याने टोपीला हात लावून त्यांचे आभार मानले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

घरी आल्यावर तो सरळ सुतारशाळेत गेला आणि हिरवळीच्या कडेवर बसला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, खिडकीतून गालिच्यावर पडलेलं.

"त्या साखळ्या कशासाठी आहेत, एफी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, फेब्रुवारीपासूनचं, सूप उतू गेलं नव्हतं तेही. वाटलं, आता ओरडेल, काठी फेकेल. फेकली असती तर मी झेलली असती.

"त्यांनी आज एक दिवस दिला," तो म्हणाला. "तू तीन महिने देत होतीस. रोज."

"तू जेवत नव्हतास रे! खिडकीत बसून मरायला टेकला होतास. मी काय करायला हवं होतं? तूच सांग ना!"

"चूक म्हणायला हवं होतंस." आवाज चढला नाही. "झटका आल्यापासून सगळे माझ्याशी गोड बोलतात. डॉक्टर, पाद्री, डुगल. मला वाटत होतं, एकटी तू नाहीस त्यातली. मी ज्या फळीवर उभा होतो ना, एफी, ती तुझी म्हणून उभा होतो."

मला रडता आलं नाही. एवढं लागलं की रडूही येईना. मी जमिनीवर बसून त्याच्या पायाला हात लावला, डाव्या. त्याला कळलं नाही, आणि मी हात तसाच ठेवला.

मग साखळ्यांकडे बोट करून म्हणाला, "तोड त्या."

मी पक्कडीने दोन्ही साखळ्या तोडल्या. त्याने बूट काढले, काठी टेकत हिरवळीच्या मधोमध जाऊन उभा राहिला, डोळे मिटले.

"लाव आता. खरा."

मी गुडघ्यांवर खाली गेले आणि एकेक चाक हाताने फिरवलं.

"स्टेशन," तो म्हणाला.

उतार समुद्राकडे होता. "चूक."

"परत," तो म्हणाला. मी चाकं फिरवली.

"क्लब."

"चूक."

"परत लाव." मी लावला.

"समुद्र."

"चूक, निनियन."

"रडतेस कशाला? लाव."

असं सहा वेळा झालं. दर वेळी "चूक" म्हणताना मला वाटायचं, मीच त्याचा पाय पुन्हा एकदा मारतेय. तो मात्र ताठ उभा होता, आणि पहिल्यासारखा माझ्याशी बोलत होता. सातव्या वेळी उतार मी चर्चकडे ठेवला. त्याने काठीवरचा भार बदलला. मग म्हणाला, "चर्च."

मी चाकाच्या खुणा दोनदा तपासल्या. "बरोबर!" मी ओरडले. "निनियन, शप्पथ, या वेळी खरंच बरोबर! चेंडू सोडून बघ!"

त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून नकाराची मान हलवली.

"पायाला नाही कळलं. नुसता अंदाज होता," तो म्हणाला. "चूक म्हण."

मी म्हटलं, "चूक."